रिकामे मनगट आणि १८० मिनिटे

नीट-यूजीच्या परीक्षा केंद्रात मनगटी घड्याळ नेता येत नाही, अगदी साधे काट्यांचेही नाही. बोर्डाच्या पेपरला घड्याळ काढून बाकावर समोर ठेवायची सवय असलेली मुले वैद्यकीय प्रवेशाच्या या परीक्षेला मात्र रिकाम्या मनगटाने बसतात. लातूर, नांदेड, पुणे इथल्या क्लासेसमध्ये दोन-दोन वर्षे अभ्यास चालतो, टेस्ट सिरीज होतात, चुकलेल्या प्रश्नांची उजळणी होते. पण घड्याळ जवळ नसताना तीन तास कसे सांभाळायचे, याचा सराव फार थोडे जण करतात. मग केंद्राबाहेर पडताना कितीतरी जणांच्या तोंडी एकच वाक्य असते: येत होते, पण वेळ पुरला नाही.

हा लेख तेवढ्या एका कौशल्याविषयी आहे. ते शिकता येते, आणि त्यासाठी महिना-दीड महिन्याचा नेमका सराव पुरतो.

आधी आकडे नीट समजून घेऊ. २०२५ पासून नीटमध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटे आहेत. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५, बायोलॉजीचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १, एकूण ७२० गुण. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे होते आणि वेळ २०० मिनिटांचा होता. तेव्हाचे पेपर सरावाला घेणार असाल तर ती जास्तीची वीस मिनिटे स्वतःला देऊ नका. त्या पेपरांवर जमवलेला वेग आताच्या परीक्षेत कमी पडतो. तुमच्या वर्षीचे माहितीपत्रकही स्वतः वाचा. क्लासमधल्या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

१८० प्रश्नांना १८० मिनिटे म्हटले की ‘एका प्रश्नाला एक मिनिट’ हे सूत्र सगळ्यांच्या डोक्यात बसते. सोपे म्हणून ते बसते आणि तिथेच घात होतो. बायोलॉजीचा एनसीईआरटीच्या ओळीवरून काढलेला सरळ प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत सुटतो. विधाने तपासायची किंवा जोड्या लावायच्या असतील तर पाऊण मिनिट जाते. फिजिक्सचे एखादे गणित दोन मिनिटे घेते आणि तेवढी त्याला द्यावीही लागतात. बायोलॉजीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘आपले एक मिनिट आहे’ म्हणून रेंगाळणाऱ्याला फिजिक्ससाठी वेळ उरत नाही. फिजिक्सच्या प्रत्येक प्रश्नावर मिनिट उलटताच घाबरणारा हातात आलेली गणिते सोडून देतो. सरासरी खरी असली तरी ती एकाही प्रश्नाला लागू पडत नाही.

त्यापेक्षा परीक्षेतला वेळ प्रश्नांत मोजावा. ठरावीक टप्प्यांवर किती प्रश्न व्हायला हवेत हे आधी पक्के करायचे आणि घड्याळाकडे फक्त त्या टप्प्यांवर बघायचे. मधल्या काळात घड्याळ विसरायचे. हे जमण्यासाठी टप्पे थोडे आणि तोंडपाठ असावे लागतात.

परीक्षा दुपारी २ ला सुरू होऊन ५ ला संपते असे धरून एक आराखडा देतो. बायोलॉजी आधी घ्यायची आणि २:५० पर्यंत तिचे ९० प्रश्न संपवायचे. मग केमिस्ट्री, ती ३:४० पर्यंत. मग फिजिक्स ४:४० पर्यंत. शेवटची वीस मिनिटे मागे सोडलेल्या प्रश्नांसाठी. म्हणजे पन्नास, पन्नास, साठ आणि वीस. हा आराखडा सगळ्यांना जसाच्या तसा बसणार नाही. ज्याचे फिजिक्स पक्के आहे त्याने दहा मिनिटे इकडची तिकडे करावीत, ज्याला केमिस्ट्रीची गणिते जड जातात त्याने तिला जास्त द्यावीत. पण स्वतःचे चार आकडे परीक्षेच्या किमान महिनाभर आधी ठरवावेत आणि नंतर बदलू नयेत. परीक्षेच्या आठवड्यात मित्राचा आराखडा ऐकून आपला मोडणारी मुले हमखास अडचणीत येतात.

बायोलॉजीपासून सुरुवात करावी असे मी सुचवतो, कारण तिथे उत्तर येते किंवा येत नाही. तीस सेकंदांत निकाल लागतो, हात चालू होतो, निम्मे प्रश्न पन्नास मिनिटांत मागे पडतात. फिजिक्सने सुरुवात करणाऱ्याला पहिल्याच पानावर अवघड गणित भेटले तर पुढचे तीन तास त्या धक्क्याखाली जातात. छापील क्रम सोडून मधूनच सुरुवात करणार असाल तर एक काळजी घ्या. ओएमआरवरही त्याच क्रमांकापासून गोळे भरायचे आहेत, हे पहिल्या गोळ्याआधी बोट ठेवून तपासा. पुस्तिकेतला क्रमांक आणि ओएमआरवरचा क्रमांक मनात उच्चारून मगच गोळा काळा करा.

आता वेळ कळणार कशावरून? परीक्षेची सुरुवात, निम्मा वेळ आणि शेवट जवळ आल्याचा इशारा दिला जातो. बऱ्याच वर्गांत भिंतीवर घड्याळ असते. पण ते तुमच्या पाठीमागे असू शकते, खांबाआड असू शकते, चार मिनिटे पुढे किंवा मागेही असू शकते. म्हणून जागेवर बसल्या बसल्या पहिले काम करायचे ते घड्याळ शोधण्याचे. आणि परीक्षा सुरू झाल्याचे पर्यवेक्षक जाहीर करतील, त्या क्षणी त्या घड्याळात किती वाजले आहेत ते बघा. त्यात २:०४ दिसत असतील तर तुमचा सगळा आराखडा चार मिनिटे पुढे सरकवा. पुस्तिकेत कच्च्या कामासाठी जागा असते. तिथे दहा सेकंदांत चार आकडे लिहून टाका: २:५४, ३:४४, ४:४४, ५:०४. पुढे तीन तास हे गणित डोक्यात फिरवावे लागत नाही.

घड्याळ दिसतच नसेल तर निम्म्या वेळेचा इशारा हा तुमचा सर्वांत मोठा आधार. त्यासाठीही एक आकडा पाठ हवा. वरच्या आराखड्याप्रमाणे साडेतीनला बायोलॉजी पूर्ण आणि केमिस्ट्रीचे छत्तीसच्या आसपास प्रश्न झालेले असावेत, म्हणजे एकूण सव्वाशे. इशारा ऐकताच मागे वळून मोजत बसू नका. केमिस्ट्रीच्या कितव्या प्रश्नावर आहात एवढेच बघा. तीस ते चाळीसच्या दरम्यान असाल तर सगळे ठीक. वीसच्या आत असाल तर उरलेल्या केमिस्ट्रीतली लांबलचक गणिते सरळ सोडून पुढे जा. वेळ किती झाला हे पर्यवेक्षकांना हळू आवाजात विचारायलाही संकोचू नका. आपल्याकडची मुले, विशेषतः मुली, या भिडेपोटी फार नुकसान सोसतात.

प्रश्न सोडायचा कधी, हा या सगळ्यातला गाभ्याचा भाग आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ‘दीड मिनिटाच्या वर एका प्रश्नाला देऊ नका’ असा सल्ला सगळेच देतात. पण घड्याळ नसताना दीड मिनिट झाले हे कळायचे कसे? गणितात बुडालेल्या माणसाला चार मिनिटेसुद्धा एका मिनिटासारखी वाटतात. म्हणून सोडण्याची खूण सेकंदांत न ठेवता कामात ठेवावी. प्रश्न पूर्ण वाचून दुसऱ्यांदाही सुरुवात कुठून करायची ते दिसले नाही, की सोडा. समीकरण मांडले आणि दोन अज्ञात उरले, तिसरी माहिती कुठून आणायची ते कळत नाही, की सोडा. उत्तर काढले आणि ते चारही पर्यायांत नाही, तर एकदाच तपासा: एकके बदलायची राहिली का, घात चुकला का. त्यातून निघाले नाही तर सोडा. केलेली आकडेमोड त्या प्रश्नाशेजारीच राहू द्या, म्हणजे परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सोडताना पुस्तिकेत प्रश्न क्रमांकाशी खूण करा. दोनच खुणा पुरतात. ‘येतो, पण वेळखाऊ’ याला गोल. ‘येत नाही’ याला फुली. शेवटच्या वीस मिनिटांत फक्त गोलांकडे जायचे, फुल्यांकडे बघायचेही नाही. खुणा न करणारी मुले शेवटी पानामागून पान उलटत बसतात आणि कोणता प्रश्न सुटण्यासारखा होता हे शोधण्यातच सात-आठ मिनिटे घालवतात.

अडलेल्या एका गणिताची किंमत किती, हे एकदा कागदावर मांडून बघा. चार मिनिटे झटून एक गणित सुटले तर ४ गुण मिळाले. त्याच चार मिनिटांत बायोलॉजीचे अर्ध्या मिनिटाचे आठ प्रश्न होतात, म्हणजे ३२ गुणांचे काम. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा हा प्रकार हुशार मुलांकडूनच जास्त होतो, कारण ‘हे मला यायलाच हवे’ ही ईर्षा त्यांच्यात असते. अभ्यासाच्या टेबलावर ती ईर्षा फार मोलाची आहे. परीक्षेच्या वर्गात ती बाहेर ठेवावी लागते.

ओएमआरचे काय? एक गोळा नीट काळा करायला पाच सेकंद धरले तरी १८० गोळ्यांना पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे आराखड्यात धरलेली नसतील तर ती शेवटी वजा होतात. सगळी उत्तरे आधी पुस्तिकेत खुणावून शेवटी एकदम गोळे भरण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. शेवटच्या मिनिटांत हात थरथरतो, एक ओळ सरकते आणि पुढची सगळी उत्तरे चुकतात. दुरुस्तीला वाव नसतो, कारण काळा केलेला गोळा खोडता येत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर लगेच गोळा भरणे सुरक्षित आहे, पण नजर सतत इकडून तिकडे गेल्याने वाचनाची लय तुटते. मधला मार्ग उत्तम: पुस्तिकेचे एक पान झाले की त्या पानावरचे गोळे भरायचे. पानाच्या शेवटच्या प्रश्नाचा क्रमांक आणि शेवटच्या गोळ्याचा क्रमांक जुळला की पान उलटायचे. सरावातही खरे ओएमआर वापरा. वहीत अ-ब-क-ड लिहून दिलेला मॉक वेळेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

मराठी माध्यम निवडलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तुमची पुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असते आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. म्हणून काही मुले प्रत्येक प्रश्न दोन्हींत वाचतात. यात वाचनाचा वेळ दुप्पट होतो. एकच भाषा ठरवा आणि तिच्यातच वाचा. एखादी संज्ञा अडली किंवा वाक्याचा अर्थ लागेना, तरच नजर दुसऱ्या भाषेकडे न्या.

सराव कसा करायचा ते आता सांगतो. मॉक दुपारी २ ते ५ याच वेळेत द्या. मे महिन्यातली दुपार, जेवण झालेले, डोळ्यांवर झापड, अशा स्थितीत तुमचा मेंदू किती वेगाने चालतो हे सकाळी सातच्या मॉकमधून कधीच कळणार नाही. मनगटावरचे घड्याळ काढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंतीवरचे घड्याळ पाठीमागे येईल असे बसा. घरातल्या कुणाला तरी साडेतीनला ‘निम्मा वेळ झाला’ आणि पाचला पाच कमी असताना ‘पाच मिनिटे’ एवढेच सांगायला सांगा. आई, आजी, धाकटा भाऊ, कुणीही चालेल.

त्याच्या जोडीने रोज पंधरा मिनिटांचा एक छोटा सराव ठेवा. एका विषयाचे पंधरा प्रश्न घ्या, सोडवा, आणि घड्याळ बघण्याआधी ‘किती वेळ लागला असेल’ हा अंदाज लिहा. मग घड्याळ बघून खरा आकडा शेजारी लिहा. सुरुवातीला अंदाज खूप चुकेल. महिनाभरात तो एक-दोन मिनिटांच्या आत येऊ लागतो. हा अंदाज तयार झाला की परीक्षेत घड्याळ दिसले नाही तरी धीर सुटत नाही.

मॉकनंतर आपण चुकलेले प्रश्न तपासतो. बरोबर आलेले पण महाग पडलेले प्रश्न मात्र कुणी तपासत नाही, आणि खरा वेळ तिथे गेलेला असतो. त्यांची वेगळी यादी करा. एखाद्या गणिताला साडेतीन मिनिटे का लागली? सूत्र आठवेना म्हणून, की भागाकार लांबला म्हणून, की पर्याय न बघताच शेवटच्या दशांशापर्यंत आकडेमोड केली म्हणून? चार पर्यायांत चांगले अंतर असेल तर ९.८ ऐवजी १० धरून भागत असते. π² आणि १० यांची अदलाबदल चालते. अशा सवयींनी फिजिक्समध्ये दहा मिनिटे सहज वाचतात, आणि त्यासाठी नवा धडा शिकावा लागत नाही.

आराखडा कोलमडला तर? २०२५ च्या नीटमध्ये फिजिक्सचा भाग अनेकांना फार लांब आणि कठीण गेला. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ७२० पैकी ६८६ होते. म्हणजे सर्वांत पुढे असलेल्यानेही गुण गमावलेच. पेपर कठीण असतो तेव्हा तो सगळ्यांनाच कठीण असतो आणि क्रमवारी त्यातूनच लागते. त्यामुळे ४:४० झाले आणि फिजिक्सचे पंधरा प्रश्न बाकी आहेत असे दिसले तर मागचे गोल विसरा. आधी त्या पंधरांवरून एक झरझर नजर फिरवा. त्यात चार-पाच सूत्रात किंमत घालून सुटणारे असतातच. ते आधी उचला. शेवटच्या पाच मिनिटांत नवे गणित हाती घेऊ नका. ओएमआरवर कुठे गोळा राहिला आहे का, हे बघण्यासाठी ती मिनिटे ठेवा.

केंद्राच्या चुकीने वेळ गेला, पुस्तिका उशिरा मिळाली किंवा सदोष मिळाली, तर त्याच क्षणी हात वर करा आणि गेलेला वेळ भरून देण्याची विनंती करा. घरी जाऊन बघू असे म्हणू नका. २०२४ च्या नीटमध्ये वेळ वाया गेल्याबद्दल १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा ठेवावी लागली. जागच्या जागी भरून मिळालेली दहा मिनिटे ही नंतरच्या कोणत्याही भरपाईपेक्षा चांगली. दिव्यांग विद्यार्थ्यांना तीन तासांच्या परीक्षेत एक तास वाढीव मिळतो. त्यांनी आपले टप्पे चार तासांप्रमाणे वेगळे बांधावेत आणि लेखनिकाला सांगण्यात जाणारा वेळही त्यात धरावा.

सीईटी देणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी संगणकावर होते, उरलेला वेळ पडद्यावर सतत दिसतो. इथे अडचण उलटी. सेकंद उतरताना दिसत राहतात आणि नजर दर प्रश्नाला तिकडे जाते. त्यामुळे इथेही टप्प्यांचाच नियम पाळा. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न असतात, म्हणजे सरासरी ५४ सेकंद. ती ९० मिनिटे संपल्यावरच गणित किंवा बायोलॉजी उघडते, त्यामुळे इकडे वाचवलेला वेळ तिकडे नेता येत नाही. गणिताला ५० प्रश्नांसाठी ९० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद, आणि प्रत्येक प्रश्न २ गुणांचा. केमिस्ट्री आधी घेऊन ती ४० मिनिटांत संपवावी, म्हणजे पडद्यावर ५० मिनिटे उरलेली दिसताना फिजिक्स सुरू झालेले असावे. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणून प्रत्येक विभागाची शेवटची दोन-तीन मिनिटे उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देण्यासाठी राखून ठेवा. सीईटीत प्रश्न कोरा सोडण्याला काहीही कारण नाही.

शेवटी एक विनंती शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना, कारण ही केंद्रे तुमच्याच वर्गांत भरतात आणि पर्यवेक्षकही बहुधा तुम्हीच असता. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक वर्गातले घड्याळ बघा. बंद असेल तर नवा सेल घाला, मागे-पुढे असेल तर वेळ लावा, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही दिसेल अशा ठिकाणी ते टांगा.